चेरी कसली, करवंद ते!

गेल्या आठवड्यात एका ऑफिसात बर्थडे होता. ऑफिस माझं नव्हे (फ्रीलान्सरला ऑफिस कुठलं!), पण एका कॅम्पेनच्या कॉपीसाठी दोन दिवस तिथल्या प्रिंटरशेजारच्या खुर्चीवर माझी सोय लावली होती. साडेचारला एचआरचा मेल आला, पाचला सगळे पॅण्ट्रीत जमले, न पेटणारी मेणबत्ती कुणीतरी चौथ्यांदा पेटवली आणि एकदाचा ब्लॅक फॉरेस्ट कापला गेला. पुढे सगळीकडे होतं तेच. केकवर चेऱ्या आठ, माणसं एकवीस. एक बर्थडे बॉयला, एक बॉसला. उरलेल्या सहा चेऱ्यांसाठी चांगली एमबीए झालेली माणसं बालवाडीतल्यासारखी भांडली.

“गेल्या वेळी तूच खाल्लीस!”

“मी वेज पीस घेतला होता, त्यावर चेरी नव्हती!”

मला राहवलं नाही. म्हटलं, “अरे, चेरी कसली? करवंद आहे ते.”

एकदम शांतता. मग हशा. अकाउण्ट्समधली एक जण म्हणाली, “करवंद काळं असतं गं. हे बघ, लाल आहे.” दुसऱ्याने मोबाइल काढून खात्री करून घेतली आणि त्याचा चेहरा पडला. हातात आलेली चेरी खावी की नाही, असा प्रश्न त्याला पडला होता. शेवटी खाल्ली म्हणा.

तर आता तुम्हालाही सांगून टाकते. खरी चेरी थंड हवेतली. आपल्याकडे ती काश्मीर-हिमाचलातून येते, उन्हाळ्यात थोडे दिवस दिसते, महाग असते आणि लगेच नासते. मग बेकरीत, आइस्क्रीमच्या दुकानात, मघई पानावर टूथपिकने टोचलेली, बाराही महिने मिळणारी ती लालभडक गोळी येते कुठून? बहुतेक वेळा ती करवंदाची असते. कच्ची किंवा नुकतीच लाली धरलेली करवंदं घ्यायची, चिरून आतल्या बिया काढायच्या, मिठाच्या पाण्यात मुरवून चीक आणि आंबटपणा उतरवायचा, मग लाल रंग द्यायचा आणि साखरेच्या पाकात दिवसेंदिवस मुरवायची. पाक रोज थोडा थोडा घट्ट करत न्यायचा, म्हणजे फळ आक्रसत नाही, टुमटुमीत राहतं. झाली चेरी. (तुमच्या फ्रूटकेकमधली टुटीफ्रुटी कच्च्या पपईची असते. आता एवढं सांगतेच आहे तर तेही घ्या.)

यात फसवणूक वगैरे काही नाही. घाऊक बाजारात या मालाला सरळ करौंदा चेरी म्हणतात. लपवत कुणीच नाही, आपणच विचारत नाही.

पॅण्ट्रीत हे सगळं सांगून झाल्यावर आयटी सपोर्टमधल्या एका मुलाने, जो मूळचा रत्नागिरीकडचा आहे आणि एरवी पासवर्ड रिसेट करण्यापलीकडे फारसं बोलत नाही, त्याने विचारलं, “मग करवंदासारखी लागत का नाही?”

बॉस, प्रश्न असावा तर असा! कशी लागणार? आंबटपणा काढला, चीक काढला, बिया काढल्या, होता तो रंगही घालवला. करवंदाचं उरलं काय, तर आकार. त्यात साखर भरली.

खरं करवंद कसं लागतं हे शब्दांत सांगणं अवघड आहे, पण कॉपीरायटरला अवघड म्हणून चालत नाही. आधी येते एक जाडसर, किंचित तुरट साल. मग गोड. मग त्या गोडाच्या मागून एक आंबट कळ, जिने एक डोळा आपोआप मिटतो. मग बिया, ज्या थुंकायच्या की गिळायच्या यावर प्रत्येक घरात वेगळं मत असतं. आणि शेवटी ओठांना, दातांना चिकटून राहिलेला पांढरा चीक. दहाबारा खाल्ली की जीभ जांभळी. ‘खाल्ली नाहीत’ असं आईला सांगायची सोय नाही.

इथे मी आजोळच्या, मे महिन्याच्या, कौलारू घराच्या आठवणी काढाव्यात अशी तुमची अपेक्षा असेल. सॉरी. माझं आजोळ दादरला, तिसऱ्या मजल्यावर. माझी करवंदं डोंबिवली स्टेशनच्या पुलाखालची. मे महिन्यात कर्जत-कसाऱ्याच्या बाजूने ठाकर, कातकरी बायका सकाळच्या लोकलने टोपल्या घेऊन उतरायच्या आणि पायऱ्यांशी ओळीने बसायच्या. करवंदं, जांभळं, कधी आळू, कधी रायआवळे. मापाला वाटी नाहीतर पळसाच्या पानाचा द्रोण. बाबा ऑफिसातून येताना एक द्रोण आणायचे, आणि तो ब्रीफकेसमध्ये सांडून एकदा त्यांच्या पीएफच्या कागदांवर जांभळे डाग पडले होते. ते कागद अजून घरात आहेत.

आणि खेळ तोच, जो कोकणातली पोरं खेळतात. करवंद अर्धं चावायचं आणि समोरच्याला विचारायचं, कोंबडा की कोंबडी? आतून लालजर्द निघालं तर कोंबडा, फिकं पांढुरकं निघालं तर कोंबडी. बरोबर ओळखलं तर पुढचं करवंद त्याचं. डोंबिवलीच्या ब्लॉकमध्येही हा खेळ छान होतो, अंगण लागत नाही.

फळ एवढं ओळखीचं, पण झाड मी पाहिलं ते थेट पंचविशीनंतर. तेही कामाच्या निमित्ताने. त्या कामाबद्दल सांगायचंच आहे, पण आधी झाडाची ओळख करून देते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

एक तर ते झाड नाहीच, झुडूप आहे. माणूसभर उंच, कधी थोडं जास्त, गच्च, बाराही महिने हिरवं. गावाकडे त्याला जाळी म्हणतात, करवंदीची जाळी. शब्द अगदी नेमका आहे, कारण फांद्या एकमेकींत अशा गुंततात की हात आत जातो पण बाहेर येत नाही. काटे जोडीजोडीने, टोकदार, काही पुढे दुभंगलेले. फेब्रुवारी-मार्चमध्ये या काटेरी प्रकरणाला पांढरीशुभ्र, पाच पाकळ्यांची फुलं येतात. जुईची चुलतबहीण वाटावी अशी, वासही तसाच गोड. पण नातं जुईशी नाही. करवंदाचं खानदान कण्हेर, सदाफुली आणि चाफ्याचं. पान तोडलं की पांढरा चीक गळतो तो त्या खानदानाचा. त्यातले बरेच मेंबर विषारी आहेत. हा एक सज्जन निघाला.

शास्त्रीय नाव कॅरिसा कॅरण्डस. लिनिअस नावाच्या स्वीडिश गृहस्थाने १७६७ साली ते नोंदवलं आणि ‘कॅरण्डस’ हे काही त्याच्या डोक्यातून आलेलं नाही, ते आपल्याच बाजूच्या बोलींतून गेलेलं आहे. संस्कृतात करमर्द, हिंदीत करौंदा, बंगालीत करमचा, मराठीत करवंद. तेलुगूवाले त्याला वाक्काय म्हणतात आणि तुरीच्या डाळीत घालतात, चिंचेऐवजी. उत्तरेत हिरव्या मिरच्यांबरोबर परतून त्याची भाजी होते. आपल्याकडे कच्च्या करवंदांचं लोणचं, आणि ओलं खोबरं, मिरची, गूळ घालून वाटलेली चटणी. त्या चटणीसमोर तुमच्या कॅफेतले सगळे डिप्स पाणी भरतील. जॅम करायचा तर बाहेरून काही घालावं लागत नाही, फळातच पेक्टिन इतकं की आपोआप धरतं.

दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण बोल्ड’ नावाची मोठ्या फळांची जात काढली आहे. पण सह्याद्रीतलं बहुतेक करवंद कुणी लावलेलं नसतं. बुलबुल फळं खातात, बिया टाकतात. कातळावर, मुरमाड उतारावर, जिथे भात सोडा नाचणीही नको म्हणेल, तिथे ते उगवतं. पाणी घालायला नको, खत नको. काट्यांमुळे गुरं तोंड लावत नाहीत, त्यामुळे जाळीच्या आत इतर झाडांची रोपंही शेळ्यांपासून वाचतात आणि हळूच वर येतात. एखाद्या उघड्या टेकडीवर जंगल परत यायचं असेल तर ते बऱ्याचदा अशाच काटेरी झुडपांच्या आडून येतं.

हे सगळं मला आता माहीत आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत माहीत नव्हतं.

त्या फेब्रुवारीत मला एक काम मिळालं. कर्जत तालुक्यात सेकंड होमसाठी प्लॉट्सची एक स्कीम येत होती. नाव सांगत नाही, कारण माझे पैसे त्यांनी वेळेत दिले (फ्रीलान्सर मंडळींना याची किंमत कळेल). ब्रोशर मराठीत आणि इंग्रजीत करायचं होतं. ‘साइट फील’ यावा म्हणून त्यांनी मला गाडीने नेलं. टेकडीचा उतार, खाली ओढा, समोर माथेरानचा डोंगर. मी पांढरा कुडता घालून गेले होते, त्यावरून माझी ग्रामीण समज ओळखा.

आणि वास! सगळा उतार पांढऱ्या चांदण्यांनी भरलेला. मी मार्केटिंगच्या सरांना विचारलं, “ही कसली फुलं?” ते म्हणाले, “डोन्ट वरी, हे सगळं क्लीन होणार आहे. मार्चमध्ये जेसीबी येतोय.” त्यांना वाटलं मी तक्रार करतेय.

ड्रायव्हर तिथलाच होता. तो म्हणाला, “करवंदी हाय मॅडम.”

मी खूश झाले. खरंच सांगते, वाईट वाटलं नाही, खूशच झाले. घरी येऊन लिहिलं: ‘रानफुलांचा दरवळ... रानमेव्याची श्रीमंती... आणि तुमचं स्वतःचं एक घर.’ क्लायंटला लाइन प्रचंड आवडली. एकाही करेक्शनशिवाय पास झाली. असं आयुष्यात फार कमी वेळा होतं.

लॅण्डस्केपिंगच्या पानासाठी त्यांनी झाडांची यादी पाठवली होती. पाम, बोगनवेल, फ्रँजिपानी (म्हणजे आपला चाफा, पण चाफा म्हटलं की रेट उतरतो) आणि ‘कंपाउण्डला कॅरिसा हेज’. मी नेटवर पाहिलं. हिरवीगार, चकचकीत पानांची, पांढऱ्या चांदण्यांची, लाल फळांची साउथ आफ्रिकन झुडपं. नर्सरीत मिळतात, शोभेची आहेत, फळही खाता येतं. मी लिहिलं, ‘एक्झॉटिक आफ्रिकन कॅरिसाच्या हिरव्या भिंती’. पुढे बऱ्याच महिन्यांनी ट्यूब पेटली. कॅरिसा मॅक्रोकार्पा आणि कॅरिसा कॅरण्डस. सख्खी भावंडं म्हणायला हरकत नाही. म्हणजे उतारावरची करवंदी जेसीबीने उपटायची आणि तिच्याच आफ्रिकन भावाला कुंडीतून आणून, ठिबक लावून, कुंपणाला उभं करायचं. आणि त्याची कॉपी मी लिहिलेली!

असो. म्हणजे असो म्हणून सोडून देण्यासारखं नाही, म्हणून पुढे सांगते.

२०२४ च्या मेमध्ये मी याच कॉलमसाठी ‘वीकएन्डचा रानमेवा’ टाइप काहीतरी लिहायचं ठरवलं आणि कर्जतला उतरले. शेअर रिक्षा केली. रस्त्याच्या कडेला, झाडाखाली एक बाई टोपली घेऊन बसली होती. तिच्या मागे तारेचं कुंपण, कुंपणापुढे गुडघाभर वाढलेली कॅरिसा, आणि त्याच्याही मागे ओळखीचा उतार. ओळखीचा म्हणजे, माथेरान समोर होतं म्हणून ओळखला. बाकी सगळा तांबडा मुरूम, सिमेंटचे रस्ते आणि प्लॉटचे नंबर लिहिलेले पांढरे दगड.

“मावशी, कसं दिलंत?”

“वीसला डोण.”

मी दोन घेतले. एवढ्यात एक गाडी थांबली. काच खाली झाली, आतली एसीची हवा माझ्यापर्यंत आली. “दोन घेतो, तीसला दे.” तिने दिली. काच वर गेली. मी तीच दोन चाळीसला घेतली होती, त्यामुळे मला उगाचच मोठं झाल्यासारखं वाटलं. ते फार टिकलं नाही.

मी विचारलं, “कुठून आणता?”

“आधी हितनंच. ह्या तारंच्या आतनं.” तिने मान न वळवता अंगठा मागे केला. “घरापासून लगी लगी व्हतं. आता त्या पल्याडच्या डोंगरावर.”

“लांब आहे?”

“जायला घंटा, यायला घंटा.”

मला शहरी माणसासारखं वाटलं, हा तर आपला रोजचा कम्यूट! तिने मला हिशेब समजावला तेव्हा माझी बोलती बंद झाली. पिकलेलं करवंद पहाटेच्या गारव्यात काढावं लागतं. ऊन चढलं की मऊ पडतं, टोपलीत एकमेकांखाली दबून रस सुटतो. आदल्या दिवशी काढून ठेवायचं म्हटलं तर दुसऱ्या दिवशी गाडीवाले नाक मुरडतात. म्हणजे काढायचंही त्याच पहाटे आणि विकायचंही त्याच सकाळी. पहाटेच्या मोजक्या तासांतले दोन तास चालण्यात गेले तर काढायला उरतं काय? वर डोक्यावर टोपली घेऊन उतरायचं. पूर्वी ती आणि तिची सून मिळून दोन टोपल्या भरायच्या, एक सून स्टेशनवर न्यायची. आता एकच भरते. सून जात नाही. ती आतल्या बंगल्यांत झाडू-पोछ्याला जाते.

“तिला बरं हाय,” मावशी म्हणाल्या. “महिन्याचे पैशे. काटे नाय.”

हे मी मुद्दाम लिहितेय, कारण मला ते सोयीचं नव्हतं. मला एक सरळ गोष्ट हवी होती, बिल्डर वाईट आणि जंगल चांगलं अशी. सुनेला बंगल्यातलं काम खरंच बरं पडतं. मावशींना मात्र तिथे कोणी काम देणार नाही, त्यांचं वय झालं. त्यांच्याकडे होते ते हे दीड महिने. एप्रिलच्या मध्यापासून पहिल्या पावसापर्यंत. पाऊस पडला की करवंदात पाणी भरतं, अळ्या पडतात, खेळ खलास. त्या दीड महिन्याच्या रोकड्यातून बियाण्याचा भात, पोरांच्या वह्या, पावसाळ्याचं मीठ-मिरची.

त्यांनी हातही दाखवले. मी मागितले नव्हते. ओरखड्यांवर ओरखडे, आणि नखांत काळा पडलेला चीक.

घरी येऊन मी थोडं वाचलं, दोन-तीन जाणत्या लोकांना फोन केले. २००६ चा वनहक्क कायदा आहे. जंगलातलं गौण वनउपज गोळा करायचा, वापरायचा, विकायचा हक्क त्याने आदिवासींना दिला. करवंद त्यात बसतं. पण तो कायदा वनजमिनीला लागू. हा उतार वनखात्याचा नव्हताच. ती होती खासगी वरकस जमीन, म्हणजे डोंगरउताराची, गवताची, कधीमधी नाचणी-वरीची. मालक कुणी पेण-पनवेलकडचा, त्याला करवंदाशी देणंघेणं नव्हतं, म्हणून वर्षानुवर्षं बायका जायच्या आणि कोणी अडवायचं नाही. कोणी अडवलं नाही म्हणजे हक्क झाला, असं नसतं. जमीन विकली गेली तेव्हा सातबारावर करवंद नव्हतं आणि मावशीही नव्हत्या.

बरं, झाडं तोडायला परवानगी लागते ना? लागते. महाराष्ट्राचा झाडं तोडण्याबाबतचा कायदा १९६४ चा आहे, त्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, जांभूळ, मोह, खैर, साग वगैरे मंडळी आहेत. करवंद नाही. झुडूप ना ते! मोजणीला आलेल्या माणसाच्या कागदावर तो अख्खा उतार ‘झाडोरा’ या एका शब्दात आटपला असणार.

कुणी कायदा मोडला नाही, हे लक्षात घ्या. मीसुद्धा नाही. मी फक्त ‘रानमेव्याची श्रीमंती’ लिहिलं, आणि लिहिलं तेव्हा ती खरोखर तिथे होती. ब्रोशर छापून येईपर्यंत नव्हती, एवढंच.

मावशींकडून निघताना त्यांनी मला विचारलं होतं, “तू आतली का?” म्हणजे कुंपणाच्या आतली, प्लॉटवाली.

मी म्हटलं, “नाही, नाही.”

त्यांना बरं वाटलं असावं. “मंग घे,” म्हणून त्यांनी माझ्या द्रोणात वर आणखी एक मूठ टाकली. वीसला डोण विकणारी बाई मला फुकट मूठ देत होती, आणि मी ती घेतली. परतीच्या लोकलमध्ये मी एक करवंद चावून पाहिलं. कोंबडा.

त्या दिवाळीच्या सुमारास मेल आला. स्कीम हिट झाली होती. ‘फेज टू’ काढत होते, ब्रोशर मीच करावं असा आग्रह होता. आधीच्या लाइनचं कौतुकही होतं: ‘सेम फ्लेवर ठेवा’. रेट पहिल्यापेक्षा दीडपट. सोबत मॅप. मी मॅप झूम केला. ओढा, रस्ता, फेज वन... आणि त्याच्या पलीकडचा डोंगर.

दीडपट म्हणजे माझं दोन महिन्यांचं भाडं. खोटं कशाला बोला, मी त्याला लगेच नाही म्हटलं नाही. मेल चार दिवस उघडा ठेवला. पाचव्या दिवशी लिहिलं की सध्या डेट्स नाहीत. खरं कारण लिहिलं नाही, कारण उद्या त्यांच्याच एजन्सीकडून दुसरं काम येऊ शकतं. ब्रोशर अर्थातच निघालं. कुणा दुसऱ्याने लिहिलं, चांगलं लिहिलंय. त्यातही रानफुलं आहेत.

पॅण्ट्रीत त्या दिवशी यातलं काहीच सांगितलं नाही. केक संपला, सगळे जागेवर गेले. रत्नागिरीवाला मुलगा मात्र प्रिंटरपाशी आला आणि म्हणाला, त्याच्या आईने करवंदाचं लोणचं पाठवलंय, उद्या आणतो. आणलं. तेलात बुडालेली, अर्धी चिरलेली हिरवी करवंदं, मोहरी भरपूर. कॅण्टीनच्या वरणभाताचं सोनं झालं. बाटली दोन वाजेपर्यंत रिकामी.

आता मेचा शेवट आहे. ढग दाटायला लागलेत, म्हणजे तुमच्याकडे फार तर आठवडा-दहा दिवस. स्टेशनबाहेर, हायवेच्या कडेला, नेरळ-कर्जतच्या रस्त्यावर जिथे दिसतील तिथे थांबा. गाडीत एसी असला तरी काच खाली घ्या आणि सांगितलेले पैसे द्या. सुटे ठेवा, क्यूआर कोड सगळ्यांकडे नसतो. पूर्ण काळी झालेली बघून घ्या, लालसर असलेली एक रात्र पसरून ठेवा. खाण्याआधी मिठाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवा म्हणजे चीक बराचसा उतरतो. तरी ओठांना चिकटलाच तर पाण्याने चोळत बसू नका, जात नाही. खोबरेलाचं बोट फिरवा.